सनद काढूनच विमानात बसा

एलएलबीचा निकाल लागला आणि महिन्याभरात माझं लग्न झालं. सनदेचा, म्हणजे भारतात वकिली करण्याच्या परवान्याचा, फॉर्म तसाच कपाटात राहिला. "तिकडे जाऊन तिकडचीच परीक्षा द्यायची, मग इथली सनद कशाला?" असं सासर-माहेर दोन्हीकडे म्हणाले आणि मलाही ते पटलं. त्या न भरलेल्या फॉर्मने माझी इंग्लंडमधली दोन वर्षं खाल्ली.

कशी, ते सांगते. इथे सॉलिसिटर, म्हणजे इथला वकील, व्हायचं तर गाठ एसआरएशी, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीशी. त्यांच्या लेखी नुसता एलएलबी वेगळा आणि सनद असलेला वकील वेगळा. सनदवाल्याला एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्याची दोन भागांची परीक्षा, द्यावी लागते, पण दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट त्याला नाही. भारतात दोन वर्षं वकिली केल्याचे पुरावे असतील, तर परीक्षेच्या दुसऱ्या भागातून सूट मिळण्यासाठी अर्जही करता येतो. नुसत्या पदवीवाल्याला दोन्ही भाग चुकत नाहीत, वर दोन वर्षं अनुभव. म्हणून आधी सनद. एआयबीई, म्हणजे सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षाही उरकून घ्या, आणि निघण्याआधी बार कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे वकील म्हणून तुमची नोंद स्वच्छ असल्याचं, सर्टिफिकेट घ्या. इथे बसून फोनवर हे करून घेताना भावाला किती चकरा पडतात, हे माझ्या भावाला विचारा.

सनद नसेलच, तर पॅरालीगलची, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणाऱ्या मदतनिसाची, नोकरीही अनुभवात धरतात. जास्तीत जास्त चार ठिकाणची कामं चालतात, पण ती सॉलिसिटरने प्रमाणित करावी लागतात. माझं काम रोज बघणारी सॉलिसिटर आठ महिन्यांनी नोकरी सोडून गेली. बाकीचे म्हणाले, आम्ही हिचं काम पाहिलंच नाही. मी कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. दर शुक्रवारी वहीत चार ओळी लिहा आणि दर तीन महिन्यांनी सही मागा. मागायला लाजू नका. इथली माणसं गोड बोलतात, पण आपणहून कोणी सही आणून देत नाही.

परीक्षेचं थोडक्यात. पहिल्या भागात १८० प्रश्नांचे दोन पेपर, दर प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. सहा वर्षांत तीनच संधी. दोन्ही भागांची फी मिळून पावणेपाच हजार पौंडांच्या वर जाते, क्लास वेगळा. आपण अडखळतो ते न येणाऱ्या विषयात नाही, येणाऱ्या विषयात! आपल्या १८७२च्या करार कायद्यात आधीच करून झालेलं कामही मोबदला म्हणून चालतं आणि तो तिसऱ्याने दिला तरी चालतो. इथे साधारणपणे दोन्ही चालत नाही. हात सवयीने मुंबईचं उत्तर टिपतो.

आता आपल्याच लोकांबद्दल. २००७च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टने सहा प्रकारची कामं राखीव ठेवली आहेत: कोर्टात उभं राहणं, दावा चालवणं, घर-जमिनीच्या हस्तांतराचे ठरावीक दस्त, प्रोबेटचे (मृताच्या मालमत्तेच्या कोर्टमंजुरीचे) कागद, नोटरीची कामं आणि शपथ देणं. अधिकार नसताना ती करणं गुन्हा आहे. गंमत म्हणजे मृत्युपत्र लिहून देणं राखीव नाही आणि स्वतःला 'लॉयर' कोणीही म्हणवू शकतं. 'सॉलिसिटर' मात्र नाही. या फटीतून आपले अनेक 'लीगल कन्सल्टंट' आत शिरलेत. त्यांच्या हाताखाली नोकरी घेण्याआधी एसआरएच्या वेबसाइटवर त्यांचं नाव शोधा.

आणि व्हिसाचा सल्ला! त्याचा कायदा वेगळा, १९९९चा. संस्थेच्या किंवा धंद्याच्या नावाने दिलेला सल्ला फुकट असला तरी त्यात येतो, आणि अधिकार नसताना दिला तर तुरुंगापर्यंत जातं. गणपतीत आरती संपली की कोणीतरी प्रसादाच्या द्रोणासकट जवळ येतं, "ताई, तुम्ही वकील ना? एवढा फॉर्म बघा." बघू नका. उद्धट म्हणतील, म्हणू देत. मला म्हणतात.

गावाकडे सगळे विचारतील, बॅरिस्टर झालीस का? तो रस्ता निराळा, त्यात पडत नाही.

शेवटी रोलवर, म्हणजे सॉलिसिटरांच्या यादीत, नाव लागलं की पेढे वाटा, पण राखीव काम लगेच घेऊ नका. त्यासाठी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, म्हणजे काम करण्याचा परवाना, वेगळं लागतं. त्याचं नूतनीकरण दरवर्षी ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं फराळाच्या धांदलीत. मी चकल्यांआधी ते उरकते.