परदेशात भाड्याची गाडी घेताय? न केलेल्या नुकसानीचे पैसे भरायला लावणाऱ्या या चुका टाळा

लिस्बन विमानतळावर गाडी परत देताना तिथला मुलगा पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसला, रिमच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे नवीन आहे." करंगळीएवढा ओरखडा होता. माझ्या फोनमध्ये गाडीचे बारा फोटो होते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, डॅशबोर्डचा, शिवाय गाडीला टेकून उभ्या असलेल्या बायकोमुलांचेही. रिमचा मात्र एकही नव्हता. गाडी घेतानाच्या कागदावर चाकांपुढचा रकाना कोरा होता आणि त्याखाली माझी सही होती. रिमचे २१० युरो आणि प्रशासकीय शुल्क म्हणून आणखी ४५, असे २५५ युरो कार्डावरून गेले. विमानाची वेळ झालेली, वाद घालायला सवड नव्हती. तो ओरखडा माझ्या हातून पडला की आधीचाच होता, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून त्यांचं म्हणणं खरं धरलं गेलं.

त्यानंतर मी बऱ्याचदा परदेशात गाडी घेतली आणि एक गोष्ट पक्की कळली. गाडी परत देताना होणाऱ्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा गाडी घेतानाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत लागलेला असतो.

घाईत ताबा घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरलेलो असतो, डोळे चुरचुरत असतात, बॅगा जमिनीवर, पोरगं कंटाळलेलं, आणि काउंटरवरचा माणूस टॅब्लेट पुढे करून सही मागतो. अशा वेळी घरच्यांना सरळ कॉफी प्यायला पाठवा. गाडीची तपासणी एकट्याने, शांतपणे करायची असते.

फोटोंपेक्षा मी आता एकसलग व्हिडिओ घेतो. सुरुवात पार्किंगच्या खांबावरच्या क्रमांकापासून करायची, मग नंबरप्लेट, आणि तिथून न थांबता गाडीभोवती एक पूर्ण फेरी. प्रत्येक चाकापाशी वाकून रिमची पूर्ण कड वीतभर अंतरावरून दिसली पाहिजे. पुढच्या बंपरची खालची कड उभ्याने दिसत नाही, तिथे फोन जमिनीलगत धरावा लागतो. टपावर हात उंच करून एक नजर. आरशांची पाठ. डिकीच्या उंबऱ्यावर बॅगा घासून चरे पडलेले असतात, ते हमखास सुटतात. दारांच्या कडा सुटतात. पुढची काच आत बसून आकाशाकडे बघत तपासावी, खडीने उडालेला टवका बाहेरून दिसत नाही तो आतून उजेडात चमकतो. शेवटी इंजिन चालू करून इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा टिपायचा.

गाडी नुकतीच धुतलेली, ओली असेल तर जास्त सावध व्हा, कारण पाण्याखाली बारीक ओरखडे लपतात. मी रुमालाने दारं आणि बंपर पुसून घेतो. तळघरातल्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये गाडी मिळाली तर फोनचा दिवा लावा, नाहीतर ती उजेडात आणून दाखवायला सांगा. असं सांगण्यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही.

हा व्हिडिओ तुमच्यापाशी असणं मात्र अर्धंच काम आहे. दिसलेला प्रत्येक ओरखडा, पोचा, टवका कंपनीच्या कागदावर चढला पाहिजे. "एवढ्याशाचं आम्ही काही धरत नाही," असं काउंटरवर ऐकायला येतं. धरत नसाल तर लिहायला काय हरकत आहे, असं हसून म्हणायचं आणि लिहून घ्यायचं. सही टॅब्लेटवर असेल तर आधी तो तक्ता पूर्ण वाचा आणि त्याची प्रत तुमच्या मेलवर आल्याशिवाय जागचे हलू नका. पार्किंगमध्ये कुणीच कर्मचारी नसेल तर तिथूनच, गाडी बाहेर काढायच्या आधी, कंपनीला मेलने फोटो पाठवा. म्हणजे कोणती खूण आधीची होती हे वेळेसकट त्यांच्याकडेही नोंदलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका, तिथे फोटोतली मूळ तारीख-वेळेची माहिती गळून पडते. मूळ फाइल जपून ठेवा.

"विमा आहे ना" म्हणून निर्धास्त राहणं

युरोपात भाड्याच्या रकमेत बहुतेकदा सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे नुकसानभरपाईतली सूट) धरलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, झालं, विमा आहे. वास्तविक ही फक्त सवलत आहे. ठरावीक रकमेच्या वरचं नुकसान कंपनी तुमच्याकडून मागणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. त्या रकमेपर्यंतचा भार तुमच्याच डोक्यावर असतो. या रकमेला एक्सेस म्हणतात. साध्या गाडीलाही एक्सेस हजार-दोन हजार युरो असू शकतो आणि अनामत म्हणून तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. शिवाय टायर, रिम, काचा, टप, गाडीचा तळ, क्लच आणि चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसान या सवलतीतून अनेकदा वगळलेलं असतं. वाद बहुतेक याच गोष्टींवरून होतात, म्हणून वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा.

दुसरा गोंधळ बुकिंगच्या वेबसाइटवर होतो. तिथे 'संपूर्ण संरक्षण' वर टिचकी मारली की लोकांना वाटतं, आता काउंटरवर काही द्यायचं नाही. ते संरक्षण बहुतेकदा वेबसाइटचं असतं, गाडीच्या कंपनीचं नसतं. कंपनी अनामत अडवतेच, नुकसान झालं तर पैसे आधी तुमच्याकडून घेते, आणि ते परत मिळवण्यासाठी तुम्ही वेबसाइटकडे कागदपत्रं पाठवत बसता. एक्सेसची भरपाई देणाऱ्या स्वतंत्र पॉलिसीही मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच फक्त ब्रिटन किंवा युरोपच्या रहिवाशांसाठी असतात. लंडनला राहणाऱ्या भाच्याने घेतली म्हणून पुण्याहून जाणाऱ्या मामाला ती लागू पडेलच असं नाही. रहिवासाची अट बघूनच पैसे भरा.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिल्यांदाच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणार असाल आणि जुन्या गावांच्या गल्ल्यांत जायचं असेल, तर गाडीच्या कंपनीचंच शून्य एक्सेसचं संरक्षण घ्या. स्वस्त पडत नाही, पण झोप लागते. त्यात रिम आणि काचा येतात का, हे विचारून कागदावर बघा. आणि करारात नाव नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. त्या पाच मिनिटांत काही झालं तर सगळं संरक्षण गळून पडतं. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एका वर्षासाठीच असतो, त्याची मुदतही तपासा.

कार्डाकडे दुर्लक्ष

अनामतीसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. मग ऐनवेळी महागडं संरक्षण घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मर्यादाही तेवढी मोकळी असली पाहिजे, हॉटेलं आणि तिकिटांनी ती भरून गेलेली नको.

आपल्याला प्रत्येक व्यवहाराला ओटीपीची सवय असते. परदेशी व्यापारी मात्र साठवलेल्या कार्डावरून ओटीपीशिवाय पैसे घेऊ शकतो, म्हणून घरी परतल्यावरही रक्कम कापली जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं बटण चालू-बंद करणं आणि त्याची मर्यादा ठरवणं आपल्या हातात आलं आहे. परतल्यावर मर्यादा खाली आणा. पण बटण बंद केलं म्हणजे देणं संपलं, असं समजून कंपनीच्या मेलला उत्तर न देणं ही आणखी मोठी चूक ठरेल. काउंटरवर "रुपयांत घेऊ का?" असं विचारलं तर नको म्हणा, स्थानिक चलनातच घ्यायला सांगा. रुपयांचा दर त्यांनी ठरवलेला असतो.

उजवी बाजू आणि आइसलँडचा वारा

आपण डावीकडून गाडी चालवणारे, चालकाची सीट उजवीकडे असलेले लोक. पोर्तुगाल, स्पेन, इटलीत सीट डावीकडे गेली की गाडीची उजवी बाजू किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. म्हणून उजवी चाकं फुटपाथच्या कडेला घासतात आणि आत बसून ते कळतही नाही. शेजारच्या माणसाला त्या बाजूला लक्ष ठेवायला सांगा. गावाबाहेर गाडी लावून चालत जा. आणि ओरखडा आपलाच असेल तर तो मान्य करावा. वाद फक्त रकमेवर घालावा.

आइसलँडला जाणाऱ्यांनी वेगळा अभ्यास करावा. तिथे खडीसाठी एक संरक्षण आणि वाळू-राखेसाठी दुसरं, असं वेगवेगळं विकतात, कारण वादळात उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. नदी ओलांडताना झालेलं नुकसान आणि वाऱ्याने उलटं उघडलं जाऊन मोडलेलं दार हे सहसा कशातच बसत नाही. दार उघडताना ते हाताने घट्ट धरा, मुलांना स्वतः उघडू देऊ नका.

किल्ली पेटीत टाकून निघून जाणं

पहाटेच्या विमानासाठी लोक रात्री किल्ली पेटीत टाकतात. बऱ्याच करारांत कर्मचाऱ्याने गाडी तपासेपर्यंत ती तुमच्या जबाबदारीवर असते. शक्य असेल तर कार्यालय उघडं असताना, तासभर आधी पोहोचा आणि नवीन नुकसान नाही असं लिहून घ्या. जमत नसेल तर तोच व्हिडिओ पुन्हा, इंधनाचा काटा आणि जवळच्या पंपाची पावती यांसकट.

नंतर आलेल्या मागणीपुढे हात टेकणं

लिस्बननंतर दोन वर्षांनी स्पेनमधल्या मालागाहून परतलो आणि अकराव्या दिवशी मेल आला. पुढच्या काचेवर टवका, ३८० युरो. या वेळी व्हिडिओ होता. दोन मिनिटं चाळिसाव्या सेकंदाला तोच टवका, गाडी अजून पार्किंगच्या खांबापाशी उभी. मी चार गोष्टी लेखी मागितल्या. नुकसानीचे तारखेसह फोटो, दुरुस्तीचं बिल, रकमेची फोड आणि माझ्या आधीच्या भाडेकरूने गाडी परत केली तेव्हाचा तक्ता. सोबत व्हिडिओ जोडला. नऊ दिवसांनी मागणी मागे घेतल्याचा दोन ओळींचा मेल आला.

या मागण्या अवाजवी नाहीत. २०१५ मध्ये युरोपीय आयोग आणि ग्राहक यंत्रणांशी झालेल्या चर्चेनंतर एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांनी गाडीची तपासणी आणि नुकसानीची आकारणी जास्त पारदर्शक करण्याचं मान्य केलं होतं.

काउंटरवरच वाद झाला तर स्पेनमध्ये 'ओखा दे रेक्लामासिओनेस' मागा. ग्राहकाने मागितल्यावर हा तक्रारीचा छापील अर्ज देणं दुकानदाराला बंधनकारक असतं. पोर्तुगालमध्ये लाल रंगाचं तक्रारपुस्तक प्रत्येक व्यवसायाला ठेवावं लागतं, ते ऑनलाइनही आहे. लिस्बनला मला हे ठाऊक असतं तर! युरोपीय संघात, नॉर्वेत किंवा आइसलँडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना दुसऱ्या सदस्य देशातल्या कंपनीविरुद्ध युरोपियन कन्झ्युमर सेंटरची मोफत मदत मिळते. भारतातून गेलेल्यांनी कार्डाच्या बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार नोंदवावी. स्टेटमेंट आल्याबरोबर नोंदवा, या तक्रारींना मुदत असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

करार, दोन्ही व्हिडिओ, पावत्या आणि मेल मी वर्षभर एका फोल्डरमध्ये ठेवतो. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल नावाचे बंदी असलेले भाग आहेत, तिथले कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र घरी यायला कित्येक महिने लागतात. तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी आधी स्वतःचं शुल्क कापते, दंड त्यानंतर वेगळा येतो. अचानक पैसे गेलेले दिसले तर बँकेत तक्रार करण्याआधी ते नुकसानीचे आहेत की या शुल्काचे, हे कंपनीला विचारून घ्या.