अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यावरची बुरशी जळगावच्या उन्हाळ्यात कशी घालवली

मे महिन्यात माझ्या अ‍ॅक्सोलॉटलच्या डाव्या कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. हा पाण्यात राहणारा, बाहेर पिसांसारखे कल्ले असलेला उभयचर प्राणी मूळचा मेक्सिकोतल्या झोचिमिल्को तलावाचा. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. इकडे जळगावात पारा ४४-४५ वर. पाणी तापलं की त्याची ताकद खचते आणि बुरशीचं फावतं, म्हणून औषधाआधी पाणी गार करायला घेतलं.

वेगळ्या टबात क्लोरीन काढलेलं गार पाणी, रोज पूर्ण बदललेलं. वरून छोटा पंखा. खान्देशातली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी छान निवतं, माठासारखं. तरी दुपारी बर्फाची बंद बाटली सोडावीच लागते.

मग मिठाची अंघोळ: लिटरला दोन छोटे चमचे, आयोडीन नसलेलं मीठ, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पंधरा मिनिटांच्या वर अजिबात नको, कल्ल्यांना इजा होते. पुंजका चिमट्याने ओढूही नका. आधी त्याच्या कडा विरल्या, मग तो आपसूक सुटला. खालचे कल्ल्याचे लालसर तंतू शाबूत होते, फार हायसं वाटलं!

टाकीतल्या पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य आल्यावरच त्याला परत सोडलं. खाणं बंद झालं असेल, तर मात्र थेट पशुवैद्यक गाठा.