रोज चॉकलेट देऊनही पोरगं अभ्यासाला बसत नाही? डोपामिन समजून घेताना या चुका टाळा

मी नागपुरात नंदनवनला घरीच नीटवाल्या पोरापोरींना बायोलॉजी शिकवते. मेंदूचा विषय निघाला की डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशी निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन, येतंच आणि कोणीतरी लगेच बोलतं, "मॅडम, ते हॅपी केमिकल ना?" पालकांच्या डोक्यातही हेच. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू सांगत होत्या, "रोज चॉकलेट देऊन राहिली मी त्याले, पयले बसत होता गणितं सोडवाले, आता चॉकलेट खाते अन् उठून जाते." काकूंचं काही चुकलं नाही, फक्त मेंदूतल्या पेशी नेमकं काय कळवतात हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, बक्षीस मिळालं की डोपामिन सुटतं असं धरून चालणं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर प्रयोग केले. दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने तोंडात रसाचे थेंब. सुरुवातीला रस मिळाला की मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी जोरात फायर व्हायच्या, म्हणजे भराभर सिग्नल सोडायच्या, पण माकड शिकलं तसा तो झटका दिव्याकडे सरकला आणि रस आला तेव्हा पेशी आपल्या नेहमीच्याच वेगाने चालू, जणू काही झालंच नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर? ज्या क्षणी रस यायला हवा होता बरोबर त्याच क्षणी फायरिंग खाली. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला की या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा काय होती आणि मिळालं काय यातला फरक मोजतात, आणि त्या फरकावरूनच मेंदू शिकतो.

पोरांना मी हे तर्री पोह्यावरून सांगते. पहिल्यांदा एखाद्या ठेल्यावर खाल्ले आणि भन्नाट लागले, तर झटका पहिल्या घासाला. महिनाभर रोज गेलात की तो झटका लांबून तर्रीचा वास आला तिथेच बसतो, घासाला नाही. आणि प्लेट हातात आल्यावर भाऊ म्हणाला तर्री संपली, तर तो खाली जाणारा सिग्नल.

आता काकूंचं चॉकलेट बघा. रोज, त्याच वेळी, तेवढंच. फरक शून्य, म्हणजे शिकवणारा सिग्नलही जवळपास शून्य. यावर लोक चॉकलेट मोठं करतात, आठवड्यात तेही अपेक्षेत जमा होतं आणि आपण परत तिथेच. आणि एकदम बंद केलं तर मुलाला अपेक्षाभंगच मिळतो, तोही अभ्यासाच्या वेळेला चिकटून! त्यापेक्षा हळूहळू कमी करा, आणि एखादं अवघड गणित सुटलं की तिथल्या तिथे, न सांगता काहीतरी द्या. शाबासकी चालते, संत्रा बर्फीचा तुकडाही चालतो.

दुसरी चूक, उत्तर चुकलं म्हणजे मेंदूला काहीच मिळालं नाही असं समजणं. मेंदूत हॅबेन्युला म्हणून एक छोटा भाग आहे. 2007 मध्ये मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी माकडांमध्ये दाखवलं की बक्षीस हुकलं की तिथल्या पेशी जाग्या होतात आणि डोपामिन पेशींना दाबतात, म्हणजे "नाही मिळालं" हाही पाठवलेला निरोपच. 2004 च्या एका अभ्यासात पार्किन्सनचे (या आजारात डोपामिन पेशी मरत जातात) रुग्ण औषध न घेता असताना चुकांमधून जास्त शिकले, आणि डोपामिन वाढवणारं औषध घेतल्यावर बरोबर आलेल्या गोष्टींमधून. म्हणून चुकल्यावर ओरडू नका प्लीज, फक्त कुठे चुकलं ते दाखवा, सिग्नल ऑलरेडी गेलेला असतो.

तिसरी, निकाल उशिरा सांगणं. उंदरांच्या मेंदूत 2014 मध्ये दिसलं की पेशींच्या जोडणीवर इशारा आल्यानंतर साधारण 0.3 ते 2 सेकंदांत डोपामिन आलं तरच ती जोडणी वाढते. माणसाकडे भाषा आणि आठवण आहे म्हणून उशिराचा निकाल अगदीच वाया जात नाही, पण टेस्टचा पेपर पंधरा दिवसांनी हातात येतो तेव्हा कोणत्या स्टेपला आपण अडलो होतो हेच पोराला आठवत नाही. मी आता पाच-पाच प्रश्न झाले की लगेच तपासते. वेळ जातो, पण तीच चूक परत करणं खरंच कमी झालंय.

अजून एक, हवंसं वाटणं आणि आवडणं एकच धरू नका. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत ज्या उंदरांचं डोपामिन जवळपास संपवलं होतं ते स्वतःहून खायला जायचे नाहीत, पण तोंडात गोड टाकलं की चेहऱ्यावर आवडल्याच्या खुणा तशाच. मोबाईल सुटत नाही म्हणजे त्यात मजाच येतेय असं नसतं.

आणि ते डोपामिन डिटॉक्स, म्हणजे मोबाईलसारख्या मजेच्या गोष्टी काही काळ बंद करून डोपामिन 'साफ' करायचं... मोबाईल बाजूला ठेवा, चांगलंच आहे, पण डोपामिन शरीरातून काढून टाकायचा कचरा नाहीये, तेच कमी पडलं की हात हलवणंही जड होतं. काकूंच्या पोराला सध्या मी एवढंच सांगितलंय, गणित तपासायच्या आधी बाजूला पेन्सिलने लिही, बरोबर येईल की चूक, म्हणजे अपेक्षा आणि निकाल यातला फरक लगेच दिसेल.