शेतात सापडलेली पितळी कडी कशाची, ते असं ओळखलं

इकडे इंग्लंडात विल्टशायरला शेतमालकाची परवानगी घेऊन मी मेटल डिटेक्टर फिरवतो, तर परवा एक पितळी कडी निघाली, खाली जाड दांडा आणि त्यावर आटे. आधी फक्त पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढली, चिंच-लिंबू अजिबात लावू नका, जुना हिरवट थर गेला की वस्तूची वाटच लागते. मग दिसलं की आतली कड एकाच बाजूला घासून गुळगुळीत झालीय, म्हणजे तिथून चामडं सतत सरकत होतं, आणि आटे आहेत म्हणजे गाडीच्या घोड्याच्या पाठीवरच्या गादीत पिळून बसवलेली, लगाम ओवायची कडी, टेरेट म्हणतात. जाम आनंद झाला!

घोड्याच्या साजावरचा शोभेचा पितळी बिल्ला मिळाला तर त्याची पाठ बघा, पातळ पत्रा आणि मागे खोलगट असेल तर ठोकून काढलेला, साधारण १८८० नंतरचा, ओतीव असेल तर जड लागतो. आणि घोड्याच्या घुंगरावर आर डब्ल्यू ही इंग्रजी अक्षरं असतील तर बहुतेक इथल्याच आल्डबर्न गावच्या, घंटा ओतणाऱ्या रॉबर्ट वेल्सचं, अठराव्या शतकातलं, ते नीट जपा.