सातारच्या सड्यावरून स्पितीला: मुलांची अभ्यासमोहीम कशी न्यावी

मी साताऱ्यात भूगोल शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन हिमाचलातल्या स्पितीला तीनदा जाऊन आले. ज्या शिक्षकांच्या मनात अशी मोहीम आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मोहीम मे महिन्यात असली तरी तयारी जानेवारीत, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर सुरू करा. आम्ही यवतेश्वरच्या वर, कासच्या रस्त्यालगतच्या कातळावर जातो. तेव्हा फुलं नसतात, गवत वाळलेलं असतं. पाच मिनिटांत मुलं म्हणतात, "बाई, इथं तर काहीच नाही." मला तेच हवं असतं. दोघांत एक, असा मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन सुतळीनं आखायचा आणि दोन तास तिथंच बसून दिसेल ते वहीत लिहायचं. पहिला अर्धा तास चुळबुळ चालते. मग कुणाला भेगेतली मुंग्यांची रांग सापडते. कुणी वाळक्या शेवाळावर पाणी शिंपडतं आणि ते हिरवं होताना बघत राहतं. कातळावरचे राखाडी ठिपके म्हणजे आईच्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, हे कळलं की वही भरायला लागते. मी मुलं निवडते ती या वह्या वाचून, मार्क बघून नाही.

निवड झाली की तिघातिघांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्या. 'हिमालयाचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. 'पाणी किती अंशांना उकळतं?' हा प्रश्न. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. साताऱ्यात, सुमारे ७०० मीटरवर, ९७-९८ अंश येतात. त्यावरून मुलांनी काझाचा, म्हणजे स्पितीतल्या सुमारे ३,६५० मीटरवरच्या गावाचा, आकडा घरीच काढून वहीत लिहायचा आणि तिथं जाऊन मोजायचा. लांग्झा गावात, सुमारे ४,४०० मीटरवर, आमचा तापमापक ८५ च्या जरा वर जाऊन थांबला. तेव्हा घरी स्वयंपाकाला हात लावणारी एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे इथं कुकरशिवाय डाळ शिजायचीच नाही!" हे मी फळ्यावर कितीदा शिकवलं होतं.

आता उंचीबद्दल, आणि इथं घाई करू नका. मनालीवरून कुंझुम खिंडीतून गेलं की अंतर वाचतं, पण मुलं दोन हजार मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांवर चढतात. मी सिमला, रामपूर, कल्पा, ताबो, काझा असा किन्नौरचा लांबचा रस्ता धरते. कल्पा २,९६० मीटरवर आहे, तिथं दोन रात्री. ताबो ३,२८० वर, तिथं एक. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती. लांग्झा दिवसा बघायचं, झोपायला काझाला उतरायचं. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या गोळ्या मुलांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांचं तर आधीच विचारून ठेवा.

पहिल्या मोहिमेत माझी एक चूक झाली. पालकसभेत मी 'धाडसी मुलं' हा शब्द फार वापरला. काझात एका मुलाचं डोकं रात्रभर ठणकत होतं, त्याला मळमळत होतं, पण त्यानं ते लपवलं आणि दुसऱ्या दिवशी लांग्झाला वर आला. तिथं त्याला एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर त्याचा तोल जायला लागला! त्याच क्षणी गाडी फिरवली आणि त्याला खाली आणलं. उतरल्यावर तो सावरला. आता प्रत्येकाला एक जोडीदार असतो. सकाळ-संध्याकाळ त्यानं विचारायचं: डोकं दुखतंय? जेवलास? झोप लागली? उत्तरं वहीत लिहायची. ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा चाल अडखळली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. परत फिरण्याचा निर्णय एकाच माणसाचा असेल आणि त्यावर वाद होणार नाही, हे पालकांकडून आधीच लिहून घ्या.

सामानाचं थोडक्यात: पेनऐवजी पेन्सिली, थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून त्या रात्री अंथरुणात, आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर, कारण वर मुलांची भूक मरते.

लांग्झाजवळ टेथिस समुद्रातल्या, म्हणजे हिमालय उभा राहण्याआधी तिथं असलेल्या समुद्रातल्या, शंखांचे जीवाश्म दिसतात. आपला सह्याद्री लाव्हाचा, असलं काही मुलांनी पाहिलेलं नसतं, हात शिवशिवतात. उचलायचं नाही, विकतही घ्यायचं नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो, वहीत चित्र, जागेची नोंद.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत वह्यांच्या झेरॉक्स काढा. एक संच शाळेच्या ग्रंथालयात ठेवा आणि दुसरा, मुलांच्या हिंदी पत्रासह, ज्या घरात उतरलात त्या घरी पाठवा. आमच्या यजमानांनी पाण्याचे आकडे स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेत.