पीएफ काढताय? नवीन नियमांच्या घाईत या चुका टाळा

पीएफच्या नवीन नियमांवरून व्हॉट्सॲपवर दोन मेसेज फिरले. एकात "आता १००% पीएफ कधीही काढा" आणि दुसऱ्यात "सरकारने तुमचा पैसा वर्षभर अडकवला", आणि दोन्ही अर्धवट आहेत. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) सीबीटीने, म्हणजे तिच्या विश्वस्त मंडळाने मंजूर केलं ते असं की पैसे काढायची आधीची १३ कलमं तीन गटांत आणली, म्हणजे आजारपण-शिक्षण-लग्न, मग घर, आणि विशेष परिस्थिती ज्यात कारणही द्यावं लागत नाही. १२ महिने नोकरी झाली की पुरे, आणि कंपनीचा वाटाही त्यात धरलाय.

पहिली चूक म्हणजे १००% चा अर्थ सगळी रक्कम असा घेणं. २५% मिनिमम बॅलन्स खात्यात राहतोच, म्हणजे ४ लाख असतील तर १ लाख तसेच ठेवून वरच्या ३ लाखांपैकी १००%. मला हा नियम बरोबर वाटतो, म्हातारपणी हातात काहीतरी उरायला नको का. नोकरी गेली तर ७५% लगेच काढता येतात आणि उरलेले १२ महिन्यांनी, आधी ही मुदत २ महिने होती. वयाच्या ५५ नंतरची रिटायरमेंट, कायमचं अपंगत्व, कामगार कपात, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) किंवा कायमचा देश सोडणं, यात पूर्ण रक्कम मिळते. आणि मंजुरी वेगळी, ईपीएफओच्या पोर्टलवर ऑप्शन दिसणं वेगळं, त्यामुळे लग्नाची किंवा फीची तारीख ठरवायच्या आधी लॉगिन करून बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ही लोक हसत हसत करतात. नोकरी सोडली की सायबर कॅफेवाला फॉर्म १९ (पीएफ काढायचा) सोबत १०सी (पेन्शनचे पैसे काढायचा) पण भरून देतो, म्हणजे पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढले जातात. पासबुकात तिसरा कॉलम असतो ना पेन्शनचा, महिन्याला जास्तीत जास्त १२५० रुपये जातात तो, तोच हा पैसा. समजा चाकणला ६ वर्षं काम केलं, १०सी भरून पैसे घेतले, मग रांजणगावला ५ वर्षं केली. एकूण ११ झाली खरी पण पेन्शनच्या हिशोबात फक्त ५ धरणार, आणि १० वर्षं नाहीत तर महिन्याची पेन्शन नाही! तेच जुनी सर्व्हिस ट्रान्सफर केली असती किंवा स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची सर्व्हिस जपून ठेवणारा दाखला) घेतलं असतं तर पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या १५,००० पगाराच्या मर्यादेवर वयाच्या ५८ नंतर महिन्याला साधारण २३५० रुपये आयुष्यभर, आणि माणूस गेल्यावर बायकोला फॅमिली पेन्शन. नवीन निर्णयात पेन्शनचे पैसे काढायची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने केलीय त्यावर लोक चिडलेत, पण तेवढ्या काळात बहुतेकांना दुसरी नोकरी लागते आणि सर्व्हिस जोडता येते, म्हणून मी तरी या बदलाच्या बाजूने आहे.

क्लेम रिजेक्ट होतो तो बहुतेक वेळा साध्या गोष्टींवरून. आधारवर "दत्तात्रय" आणि यूएएनमध्ये (पीएफचा कायमचा खाते नंबर) "दत्ता", जन्मतारखेत फरक, बँक खातं बंद पडलेलं. एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) कंपनीने टाकली नसेल तर एचआरच्या मागे फिरत बसू नका, शेवटचा हप्ता जमा झाल्यावर २ महिन्यांनी पोर्टलवरच्या मॅनेज मेनूत मार्क एक्झिट करून स्वतः टाकता येते. तारीख मात्र ज्या महिन्याचा शेवटचा हप्ता आहे त्याच महिन्यातली टाका, आणि सबमिट करायच्या आधी दोनदा बघा, नंतर बदलायला फार त्रास होतो.

टॅक्सचंही बघा. ५ वर्षं सलग सर्व्हिस व्हायच्या आत ५०,००० च्या वर पीएफ काढून खातं बंद केलं तर १०% टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) कापतात, पॅन जोडलेलं नसेल तर त्याहून जास्त. जुन्या कंपनीचा पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही या ५ मध्ये धरली जातात, म्हणून साडेचार वर्षांवर असाल तर थोडं थांबा.