‘सर्ज आला’ म्हणण्यापूर्वी: घरच्या वायरिंगमधील या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यात गडगडाट सुरू झाला की माझ्याकडे येणारा पहिला निरोप बहुधा ‘शॉर्ट झाले’ असाच असतो. टीव्ही जळाला तरी शॉर्ट, दिवे मंद झाले तरी शॉर्ट आणि वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तरी शॉर्टच. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरची उपकरणेही वेगळी आहेत. चुकीचा शब्द घेऊन दुकानात गेलेला माणूस चुकीचीच डबी घेऊन परत येतो, हे इतक्यांदा पाहिले आहे की हल्ली वायरिंगला हात लावण्याआधी मी शब्द दुरुस्त करतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वाढलेल्या व्होल्टेजला सर्ज म्हणणे. सर्ज हा मायक्रोसेकंदांचा मामला आहे. जवळपास वीज कोसळली किंवा लाईनवर मोठे स्विचिंग झाले की कधी हजारो व्होल्टचा धक्का तारेतून येतो आणि पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपतो. सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे एसपीडी, तेवढ्या क्षणापुरता तो प्रवाह अर्थिंगकडे वळवते. मिनिटेच्या मिनिटे टिकणारे जादा व्होल्टेज पेलण्यासाठी ते बनवलेलेच नसते.

डिचोली तालुक्यातील एका थ्री-फेज (तीन जिवंत तारांची जोडणी असलेल्या) घरी ऐन पावसात मला बोलावणे आले. माडाची झावळ सर्व्हिस वायरवर पडली होती आणि ‘तुम्ही एसपीडी बसवायला लावलेत, तरी सर्जने फ्रीज नेलाच’ असे घरमालक दारातच म्हणाले. मी मीटर लावला, तर गिझर चालू असलेल्या फेजवर जेमतेम 70 व्होल्ट आणि उरलेल्या दोन्ही फेजवर 340 च्या आसपास. मेन स्विच आधी बंद केला आणि मगच बोललो. झावळीच्या हिसक्याने न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा, आधीच गंजलेला जोड सुटला होता, त्यामुळे 230 व्होल्टची उपकरणे दोन फेजांमधल्या 400 व्होल्टवर एकमेकांशी रस्सीखेच करत होती. एसपीडीची स्थिती दाखवणारी छोटी खिडकी लाल झाली होती. बिचाऱ्याने आपल्या ऐपतीबाहेरचे काम करून पाहिले होते. येथे उपयोगी पडतो तो व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. माझी सवय अशी की थ्री-फेज घरात मेन बंद करून न्यूट्रलचा प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिल्याशिवाय मी बोर्डाचे झाकण लावत नाही. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज घालणाऱ्याशी तर मी वादच घालत नाही, फ्यूज काढून खिशात टाकतो.

दुसरी चूक वायरमन मंडळींची आहे आणि तिचे मूळ घाईत आहे. एसपीडी बोर्डात जागा मिळेल तेथे बसवायचे, अर्थची वायर खालून फिरवून आणायची आणि ‘पुढेमागे लागेल’ म्हणून उरलेल्या वायरची छान गुंडाळी करून ठेवायची. नवशिक्यांना ही गुंडाळी नीटनेटकी वाटते. सर्जचा प्रवाह मात्र इतक्या वेगाने चढतो की साध्या सरळ वायरच्याही दर मीटरमागे ढोबळमानाने 1000 व्होल्ट उभे राहतात, आणि गुंडाळीत त्याहून अधिक. एसपीडीवर 1500 व्होल्टची संरक्षण पातळी (सर्जच्या वेळी ते पुढे जाऊ देते तेवढे व्होल्टेज) छापलेली असली आणि जोडवायर दोन मीटर असली, तर टीव्हीपर्यंत साडेतीन हजार पोचू शकतात. फेजकडची आणि अर्थकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, असा दंडक आहे. मी आधी एसपीडीची जागा ठरवतो आणि मग बाकीच्या एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच आपोआप पडणारे स्विच, मांडतो. उलट क्रमाने काम करणाऱ्याला अर्धा तास वाचल्याचा आनंद होतो, तो पहिल्या गडगडाटापर्यंत टिकतो.

एसपीडीसाठी वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) खोदून तो घराच्या अर्थिंगला न जोडणे हीही तितकीच वाईट चूक आहे, कारण सर्जच्या वेळी दोन अर्थांमध्येच मोठे व्होल्टेज उभे राहते. सर्व अर्थ एकत्र बांधलेले असावेत. आपल्याकडे जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक पडते, म्हणून अर्थिंगच्या रोधाचे माप मी मे महिन्यात घेतो. भर पावसात घेतलेल्या सुरेख आकड्यावर माझा विश्वास नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट पाहते, शॉकपासून ती वाचवत नाही. ते काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे. आरसीसीबीच्या पुढे, उपकरणांच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केले तर ती विनाकारण ट्रिप होत राहते, आणि मग कोणी शहाणा तिलाच बायपास करतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून त्याच जुन्या वायरवर मोठी एमसीबी चढवणे म्हणजे आगीला निमंत्रण. स्पाइक बस्टर (सर्ज अडवणारी प्लगपट्टी) टू-पिन अडॅप्टरवर लावला तर त्याची अर्थ पिन हवेत राहते. स्टॅबिलायझर म्हणजे एसपीडी नव्हे.

एसपीडी एकदा बसवले की जन्माचे काम झाले, हाही गैरसमजच. त्यातील व्हॅरिस्टर, म्हणजे सर्ज वळवणारा भाग, प्रत्येक धक्क्यागणिक थोडा थोडा झिजतो. चतुर्थीपूर्वी घराची साफसफाई होते तेव्हा बोर्डाचे दार उघडून खिडकी हिरवी आहे ना, एवढे पाहावे. लाल असेल तर मेन बंद करून त्याच कंपनीचे, त्याच व्होल्टेजचे कार्ट्रिज वायरमनकडून बदलून घ्यावे. मापात बसते म्हणून दुसऱ्या कंपनीचे खुपसू नये.